परिचर्येचे प्रमाण

दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर, म्हणजे जेथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थर अगदी पातळ असतो अशा ठिकाणी, शरीराच्याच भाराने रक्ताचा ओघ खुंटतो. कातडी प्रथम लाल पडते, मग सोलवटते, आणि हयगय झाली तर जखम थेट हाडापर्यंत उतरते. हे शय्याव्रण दिसले तर त्याचा दोष बहुधा रोगाकडे नसून परिचर्येकडे असतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या आपल्या ग्रंथात निःसंदिग्धपणे लिहून ठेवले. काही आसन्नमरण रुग्णांच्या बाबतीत हे व्रण कितीही दक्षता घेतली तरी टळत नाहीत, एवढी पुस्ती आज जोडावी लागते. तथापि परिचर्येचा कस लावावयाचा असेल तर त्या ग्रंथकर्त्रीने दाखविलेली ही जागा आजही अचूक आहे, असे मला वाटते.

मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला; गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची परावलंबी झाली. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले, तोपर्यंतची एकेचाळीस वर्षांहून अधिक काळाची तिची शुश्रूषा त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी केली. तिच्याबरोबर ड्यूटी केलेल्या मैत्रिणी यथाकाल निवृत्त झाल्या, आणि जिने तिला कधी चालताना पाहिले नव्हते अशी पुढची पिढी त्या खाटेशी उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयापुढे तिचे प्रकरण आले तेव्हा इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण उठलेला नाही, ही गोष्ट निकालपत्रात आवर्जून नमूद झाली.

या एका वाक्यामागे किती श्रम आहेत, ते वॉर्डात उभे राहिल्यावाचून ध्यानात येत नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावयाची, तीही ओढून नव्हे तर उचलून, कारण चादरीवर घासली गेलेली कातडी आतून फाटते. चादरीची सुरकुती मोडावयाची, अन्नाचा कण झटकावयाचा, ओल तत्काळ टिपावयाची, गुडघ्यांमध्ये उशी द्यावयाची. लाल डाग दिसला तर तो बोटाने दाबून पाहावयाचा. दाबल्यावर तो क्षणभर फिका पडला तर वेळ अजून गेलेली नाही, आणि तसाच लाल राहिला तर आतल्या पेशींना इजा पोहोचू लागली आहे. मग वेळ, कूस आणि कातडीची स्थिती चार्टवर लिहून पाळी बदलताना येणाऱ्या सिस्टरला ती खाटेजवळच समजावून द्यावयाची. दिवसाकाठी हे बारा वेळा घडावे लागते, आणि त्यातल्या पहाटेच्या वेळांना पाहणारा कोणी नसतो. जिला बोलता येत नाही ती रुग्ण तक्रार करीत नाही. अशा ठिकाणी परिचारिकेची सचोटी हाच एकमेव पहारा असतो.

म्हणूनच परिचर्येला केवळ ममतेचे काम म्हणणे मला अपुरे वाटते. ममता थकते, माणसामाणसांत भेद करते; प्रमाण ठरलेले असले म्हणजे अनोळखी आणि चिडखोर रुग्णालाही तीच कूस, तेच औषध, तोच पडदा मिळतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आपली नीतिसंहिता स्वीकारली आणि आरोग्याचे संवर्धन, रोगाचा प्रतिबंध, आरोग्याची पुनःस्थापना व दुःखाचे शमन ही चार कर्तव्ये पुढे त्या संहितेत मांडली गेली. भारतात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. राज्याच्या परिषदेच्या दप्तरी नाव दाखल झाले की परिचारिका आपल्या कृत्यास स्वतः जबाबदार ठरते. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी तिने पडताळावयाच्या असतात. लिहून दिलेली मात्रा शंकास्पद वाटली तर हात आवरून डॉक्टरांना विचारणे हा तिचा उद्धटपणा नव्हे, ते तिचे कर्तव्य होय.

अरुणेला अन्न देणे थांबवावे, असा अर्ज एका लेखिकेने करुणेपोटीच केला होता. रुग्णालयाच्या परिचारिकांचा त्यास विरोध होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्जदार लेखिकेच्या भावनेचा आदर राखला, परंतु रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला. दयामरणाविषयी विचारी माणसांत मतभेद राहणारच. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल, की त्या दिवशी परिचारिकेचा शब्द साक्ष म्हणून ग्राह्य धरला गेला, आणि तिला तो मान शेकडो हातांच्या अखंड कामाने मिळवून दिला.

अशा कामाला माणसे लागतात. दोन तासांचे वेळापत्रक कितीही निष्ठेने पाळावयाचे म्हटले तरी रात्रपाळीत एकाच परिचारिकेच्या माथी भरलेला वॉर्ड मारला, तर एकाची कूस बदलेपर्यंत दुसऱ्याची वेळ टळून जाते, आणि उठलेल्या व्रणाचा ठपका मात्र तिच्या नावावर पडतो. हा ठपका भरती रोखून धरणाऱ्या आस्थापना-खात्याच्या दप्तरात नोंदला गेला पाहिजे.