परदेशची तार आणि आपल्या घरची वीज

वाचकांपैकीं बहुतेकांच्या नात्यागोत्यांत आज एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं परदेशीं असतेच. निघण्यापूर्वीं याद्या होतात. मेतकुटापासून उबदार कपड्यांपर्यंत सर्वांचा विचार होतो. संगणक मात्र कपड्यांच्या घडीवर ठेवला आणि त्याची तार गुंडाळून शेजारीं खोंचली, कीं काम झालें असें आपण समजतों. मग परक्या गांवीं पहिल्याच रात्रीं ध्यानांत येतें, कीं भिंतींतील भोंकें निराळीं आणि आपल्या प्लगच्या पिना निराळ्या. परत येणारांचीहि तीच गत. तार एका देशाची आणि भिंत दुसऱ्या देशाची, ही अडचण दिसावयास क्षुल्लक. परंतु ती भलत्या रीतीनें सोडविली तर जिवावर बेतण्याचा संभव असतो. हें आम्हीं आमच्याच घरीं अनुभविलें असल्यामुळें हा लेखनप्रपंच.

घडलें तें असें. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा भाचा अमेरिकेंतील शिक्षण संपवून पुण्यास आला, तेव्हां टेबलावर ठेवावयाचा आपला संगणक त्यानें बरोबर आणला. उतरला आमच्याच घरीं, जुन्या वाड्यांत. यंत्र टेबलावर मांडून झालें, आणि आतां वीज जोडावी म्हणून आम्ही उत्साहानें पुढें सरसावलों. "थांबा, मामा!" असें म्हणून त्यानें आमचा हातच धरला. यंत्राच्या पाठीमागें एक लहानशी तांबडी कळ होती व तिच्यावर ११५ हा आंकडा दिसत होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोंकानें त्यानें ती सरकविली, तेव्हां २३० हा आंकडा पुढें आला. "ही तशीच राहिली असती, तर बटण दाबतांच आंत धडाका झाला असता," तो म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें. अमेरिकेंत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, तर आपल्याकडे २३०. कमी दाबासाठीं लावलेल्या यंत्रांत दुप्पट दाबाची वीज शिरली, कीं आंतील कंडेन्सर फुटतात.

राहिला प्रश्न तारेचा. तिच्या टोंकाला अमेरिकन प्लग. दोन चपटीं पातीं आणि खालीं एक गोल पिन. तो आमच्या सॉकेटांत शिरणें शक्य नव्हतें. भाचा स्नेह्यांस भेटावयास बाहेर पडला, आणि आम्हांस आमचें जुनें कसब आठवलें. पूर्वीं नवी इस्त्री किंवा पंखा घेतला, कीं त्यास प्लग घरींच बसवावा लागे. आम्हीं अमेरिकन प्लग छाटून टाकला व तारेची साल सोलली. आंत तीन तारा निघाल्या : काळी, पांढरी व हिरवी. आमच्या वाड्याच्या जुन्या वायरिंगमध्यें तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. तेव्हां काळी ती काळीच, असा सरळ हिशेब करून ती न्यूट्रलला, उरलेली पांढरी फेजला व हिरवी मोठ्या पिनेला, अशी आम्हीं जोडणी केली. संगणक तत्काळ सुरू झाला. सायंकाळीं भाच्यासमोर मिरविण्याची संधि आम्हीं अर्थातच दवडली नाहीं.

आठ-दहा दिवसांनीं आमच्या कुटुंबानें सकाळीं ओल्या फडक्यानें ती लोखंडी पेटी पुसावयास घेतली. पाय अनवाणी, खालीं नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी. एकाएकीं किंचाळी ऐकूं आली. आम्ही धांवत गेलों, तों फडकें दूर पडलेलें आणि त्या दंड धरून उभ्या. झटका मोठा नव्हता, एवढीच ईश्वराची कृपा. दुपारीं वायरमनला बोलाविलें. त्यानें आमची कारागिरी उघडली, भिंतीचें सॉकेट उघडलें, आणि शांतपणें म्हणाला, "काका, अमेरिकेची काळी म्हणजे आपली तांबडी. आणि ह्या तिसऱ्या भोंकाच्या मागें तार आहेच कुठें?"

त्या एका वाक्यांत आमच्या दोन्ही चुका आल्या होत्या. त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली चूक रंगांची. तारांचे रंग सर्व जगांत एक नाहींत. अमेरिकेंत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची व हिरवी अर्थिंगची. आपल्या आणि इंग्लंडच्या जुन्या रीतीनें तांबडी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. युरोपांत, आणि हल्लीं आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक संगणकांच्या तारांतहि, तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थिंग. म्हणजे काळा हा एकच रंग एका देशांत निरुपद्रवी, तर दुसऱ्या देशांत जीवघेणा. आमचा संगणक उलट जोडूनहि चालला, हीच त्यांतील फसगत होय. यंत्राच्या पोटांतील फ्यूज फेजच्या वाटेवर असावयाचा, तो न्यूट्रलच्या वाटेवर गेला होता. तो वितळला असता तरी आंतील भाग जिवंतच राहिला असता. चालतें म्हणजे बिनधोक आहे, असें विजेच्या बाबतींत कधींहि समजूं नये.

दुसरी चूक अधिक मोठी. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत गडबड गाळून टाकण्यासाठीं कांहीं लहान कंडेन्सर धातूच्या कवचास जोडलेले असतात. त्यांतून अगदीं थोडी वीज कवचावर येते आणि अर्थिंगच्या तारेनें निमूटपणें जमिनींत जाते. ही तार तुटकी असली अथवा मुळींच नसली, म्हणजे ती वीज कवचावर वाट पाहत राहते; ओल्या हाताचें माणूस भेटलें, कीं त्याच्या अंगांतून वाट काढते. धातूच्या कवचाच्या लहान संगणकावर बोटें फिरवितांना कधीं कधीं झिणझिण्या येतात, त्यांचेंहि कारण बहुधा हेंच. या थोड्या विजेनें सहसा कोणी दगावत नाहीं. परंतु उद्यां आंतील एखादी तार सुटून कवचाला टेंकली, तर फेजची सगळी वीज कवचावर येईल. आणि त्या वेळीं माणूस व मृत्यु यांच्यामध्यें अर्थिंगची तीच एक तार उभी असते.

मग अशा वेळीं करावें काय? आमच्या अनुभवावरून आम्ही तीन प्रश्न क्रमानें विचारावयास सांगूं.

पहिला प्रश्न दाबाचा. लहान संगणकाच्या तारेच्या मध्यें जी काळी वीट असते, तिच्या पोटाशीं बारीक अक्षरांत 'इनपुट' या शब्दापुढें काय लिहिलें आहे तें पाहावें. तेथें १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असें असल्यास दाबाची काळजी सोडून द्यावी. भारत, इंग्लंड व जर्मनी येथील २३० व्होल्ट, अमेरिकेंतील १२० आणि जपानांतील १०० हे सारे दाब तिला चालतात. आवर्तनांचीहि चिंता नको, कारण आलेली वीज ती प्रथम एकेरी प्रवाहांत बदलून घेते. जपानांत तर एकाच देशांत पूर्वेकडे ५० व पश्चिमेकडे ६० आवर्तनें आहेत. गेल्या शतकापूर्वींच्या शेवटच्या दशकांत तोकियोनें जर्मन आणि ओसाकानें अमेरिकन यंत्रें घेतलीं, त्याचा हा परिणाम. टेबलावरच्या जुन्या संगणकास मात्र मागें तांबडी कळ आहे काय, तें पाहिल्यावांचून हात लावूं नये. आणि जें संगणकास चालतें तें मिक्सर, इस्त्री, केस वाळविण्याचें यंत्र किंवा प्रिंटर यांस चालेलच, असें मुळींच नाहीं. त्यांवरील आंकडा स्वतंत्रपणें वाचावा.

दुसरा प्रश्न प्लगचा. येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भिंतीकडील टोंकाविषयीं जगाचें कधींच एकमत झालें नाहीं. आपले तीन गोल पिनांचे प्लग मूळ इंग्लंडच्या १९३४ सालच्या मानकावरून आले. इंग्लंडनें स्वतः १९४७ सालीं चौकोनी पिनांच्या, पोटांत फ्यूज असलेल्या नव्या प्लगाचें मानक काढलें व जुना सोडला. आपण मात्र जुनाच जपला. आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोग १९०६ सालापासून विजेच्या वस्तूंत एकसारखेपणा आणण्याची खटपट करीत आहे. साऱ्या जगासाठीं एकच प्लग असावा म्हणून त्यानें १९८६ सालीं नमुना प्रसिद्ध केला. त्यास मुख्यत्वें ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनींच जवळ केलें.

परंतु यंत्राकडील टोंकाविषयीं मात्र जगानें शहाणपण दाखविलें. टेबलावरच्या संगणकांत शिरणारें तीन चपट्या खांचांचें टोंक, किंवा लहान संगणकाच्या विटेंत शिरणारें बेलाच्या पानासारखें त्रिदळ टोंक, हीं पुण्यास, लंडनास व न्यूयॉर्कास एकाच मापाचीं असतात. आमच्या साऱ्या प्रश्नाचें उत्तर येथेंच होतें. तार कापावयाची नाहीं, सोलावयाची नाहीं. यंत्रांतून ती उपसून काढावयाची आणि ज्या गांवीं राहावयाचें त्या गांवच्या दुकानांतून तेथल्या प्लगची अखंड, सांच्यांत ओतलेली तार आणावयाची. आपल्याकडे घेतांना प्लगवर आयएसआय चिन्ह पाहावें. इंग्लंडांत प्लगमध्यें फ्यूज असतो. सुमारें ७०० वॅटपर्यंतच्या उपकरणास तो ३ अँपिअरचा पुरतो, उगाच १३ अँपिअरचा घालूं नये.

प्रवासांत वापरावयाचे जोडप्लग मिळतात, ते चार दिवसांच्या मुक्कामास ठीक. पण ते फक्त पिनांचा आकार बदलतात, विजेचा दाब नव्हे. शिवाय त्यांपैकीं पुष्कळांत अर्थिंगची वाट बंदच असते. जर्मनीहून आलेल्यांनीं विशेष जपावें. तेथल्या प्लगच्या गोल पिना ४·८ मिलिमीटर जाडीच्या आणि आपल्या ५·१ मिलिमीटरच्या; त्यांमधील अंतर मात्र सारखेंच. त्यामुळें तो प्लग आपल्या सॉकेटांत पुष्कळदां सैलसर बसतो, यंत्रहि चालतें. पण सैल जोडावर ठिणग्या उडतात, आणि जर्मन प्लगची अर्थिंग त्याच्या कडांवरील पट्ट्यांत असल्यामुळें ती आपल्या सॉकेटास लागतच नाहीं.

क्वचित् एखाद्या उपकरणाची तार सुटी नसते व प्लग बदलल्यावांचून गत्यंतर नसतें. तें काम जाणत्या वायरमननेंच करावें. तो अर्थिंगची तार इतर दोहोंपेक्षां थोडी लांब ठेवील. कारण तारेस हिसका बसला तर सर्वांच्या शेवटीं तीच तुटावी.

तिसरा प्रश्न आपल्या भिंतीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. सॉकेटास तिसरें भोंक आहे म्हणून त्यामागें तार असेलच, असें धरून चालूं नये. जुन्या घरांतून तें भोंक पुष्कळदां नुसतें शोभेचें असतें. वायरमनला बोलावून मीटर लावून खात्री करून घ्यावी. आणि ऐपत असल्यास ३० मिलिअँपिअर वीज गळतांच पुरवठा तोडणारें उपकरण मुख्य फळ्यावर बसवून घ्यावें.

असो. आमच्या वाड्यांत त्याच आठवड्यांत जमिनींत नवी अर्थिंग पुरली गेली. भाच्यानें बाजारांतून दोनशे रुपयांच्या आंत नवी तार आणली व दोन मिनिटांत जोडली. आम्हीं कापलेली अमेरिकन तार कुटुंबानें टाकूं दिली नाहीं. ती आमच्या टेबलाच्या खणांत आहे. घरचें कोणी परदेशीं निघालें, कीं त्या ती काढून दाखवितात आणि म्हणतात, "संगणक ने, वीट ने, पण तार तिथं पोंचल्यावर घे. आणि तुझ्या काकांचा सल्ला घेऊं नकोस." आम्ही मुकाट्यानें ऐकून घेतों.