कपबशीच्या भावकीतली तार

मुलांनो, चिनी मातीची कपबशी हातातून निसटली तर काय होतं? खळ्ळ! तुकडेच तुकडे! आता कुणी म्हणालं, "हिच्या भावकीतल्या पदार्थाची तार बनवा आणि तिचं वेटोळं करा," तर तुम्ही हसाल. पण शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं आहे.

कशासाठी? वेटोळ्यातून वीज सोडली की त्याचं चुंबक होतं. वीज जास्त, तर चुंबक जोरदार. पण तांब्याची तार विजेला थोडी अडवते नि तापते. काही पदार्थ मात्र खूप थंड केले की विजेला मुळीच अडवत नाहीत. ते अतिसंवाहक. हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली हा गुण पाऱ्यात प्रथम पाहिला, तोही उणे २६९ अंश सेल्सिअसला!

पुढे अतिसंवाहक धातूंच्या तारा झाल्या. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात त्याच असतात. पण चुंबक फारच जोरदार झालं, की त्यांचा हा गुण नाहीसा होतो. १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बेडनोर्ट्स आणि म्युलर यांना अतिसंवाहक सिरॅमिक सापडलं. त्यासाठी १९८७ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. या जातीची काही सिरॅमिक्स फार जोरदार चुंबकातही गुण सोडत नाहीत. पण ठिसूळ! तार ओढायची कशी?

युक्ती पाहा. सिरॅमिकची पूड चांदीच्या नळीत ठासून भरायची, नळी ओढून बारीक करायची आणि भट्टीत भाजायची. चांदीच का? तापलेल्या चांदीतून प्राणवायू आत जातो, आणि सिरॅमिकला तो हवाच असतो. दुसरी युक्ती म्हणजे धातूच्या पातळ फितीवर सिरॅमिकचा थर चढवायचा, जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. जाड काच वाकत नाही, पण काचेचा बारीक धागा वाकतो ना? तसंच हे!

एमआरआयचं चुंबक साधारण दीड ते तीन टेस्लाचं. अमेरिकेत टॅलाहासी इथे २०१७ साली आतून अशा फितीची आणि बाहेरून धातूच्या तारांची वेटोळी घालून ३२ टेस्लाचं चुंबक झालं! सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवायची, तर कोट्यवधी अंश तापलेला वायू कोंडायला अशीच जोरदार चुंबकं हवीत.

पण थराला एक चीर गेली, की वीज तिथे अडते, फीत तापते आणि चुंबक निकामी होऊ शकतं. म्हणून लांबच लांब, तरीही बिनचिरेची फीत बनवणं ही खरी कसोटी आहे.

घरी कपबशी फुटली, तर आईला ही गोष्ट जरूर सांगा. आधी तुकडे मात्र गोळा करा हं!