कुटकी
कुटकी (शास्त्रीय नाव: पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ) ही हिमालयात सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर आढळणारी बहुवर्षायू रानटी ओषधी आहे. पूर्वी नीरब्राह्मी कुलात गणलेली ही वनस्पती अलीकडील वर्गीकरणात इसबगोलाच्या कुलात मोडते. पाने दंतुर असून जमिनीलगत गुच्छाने येतात. फुले फिकट निळी असतात. ग्रीक भाषेत ‘पिक्रोस’ म्हणजे कडू व ‘ऱ्हायझा’ म्हणजे मूळ. हे कडू मूळक्षोड आयुर्वेदात यकृतविकार व ज्वरावर वापरतात. आरोग्यवर्धिनी गुटीतही ते असते. मात्र ते खणताना बहुधा संपूर्ण वनस्पतीच नष्ट होते. अतिरेकी खणणीमुळे १९९७ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. मूळक्षोडाचा डोळा असलेला तुकडा पुन्हा लावल्यास नवे रोप येते. त्यामुळे लागवड हा तिच्या रक्षणाचा महत्त्वाचा उपाय ठरतो.