रस्ता चुकलेला चालक आणि न विचारलेला पत्ता

गाडी भलत्याच रस्त्याला लागली आहे, शेजारी बसलेली बायको नकाशा उलटसुलट करून पाहते आहे, मागच्या सीटवर मुले कंटाळली आहेत आणि नवरा मात्र काच खाली करून कोणाला विचारायला तयार नाही. रस्ता चुकलेल्या चालकाचे हे हास्यचित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विनोदाने रूढ केले. मोझेस चाळीस वर्षे वाळवंटात भटकला, कारण त्याने वाट विचारली नाही, हा तिकडचा विनोद याच जातीचा. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटात तर समुद्रातल्या नर माशालाही ही खोड चिकटवलेली आहे. विनोद इतका अंगवळणी पडला, की त्यामागे काहीतरी शास्त्रीय तथ्य असणार असे लोक धरून चालू लागले. पुरुषांना दिशा उपजतच कळते, म्हणून त्यांना विचारावे लागत नाही. किंवा त्यांचा मेंदूच तसा घडलेला असतो, म्हणून ते विचारत नाहीत. तपासून पाहता या दोन्ही समजुती फारशा टिकत नाहीत.

या विनोदाला विद्वत्तेचे वजन मिळाले ते १९९० मध्ये. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांचे ‘यू जस्ट डोन्ट अंडरस्टँड’ हे पुस्तक त्या वर्षी आले आणि जवळजवळ चार वर्षे खपाच्या यादीत राहिले. वाट विचारण्याचे उदाहरण त्यात ठळकपणे येते. माहिती विचारणारा हा सांगणाऱ्यापेक्षा क्षणभर का होईना खालच्या पायरीवर उभा राहतो आणि पुरुषांना लहानपणापासून ही पायरी अधिक बोचायला शिकवलेले असते, असा टॅनन यांचा अर्थ. त्या पुरुषाची बाजूही त्यांनी समजून घेतली होती: ज्याला विचारावे त्याला माहीत नसेल, तरी तो भिडेपोटी काहीतरी सांगून मोकळा होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण हे सगळे संभाषणाच्या रीतीचे विवेचन होते. किती पुरुष विचारतात आणि किती विचारत नाहीत, याची मोजदाद ते पुस्तक करत नाही. पुढे वर्तमानपत्रांत फिरलेले आकडे बरेचसे वाहनविमा कंपन्यांनी केलेल्या पाहण्यांतले असतात, आणि त्यांत माणसे स्वतःबद्दल जे सांगतात तेच नोंदलेले असते. ‘पुरुष विचारत नाहीत’ हे एखाद्या नियमासारखे सांगावे, एवढा भार असे आकडे पेलू शकत नाहीत.

दिशाज्ञान हा पुरुषांचा उपजत गुण आहे काय, या प्रश्नावर मात्र भक्कम काम झाले आहे. वाट शोधण्याच्या कसोट्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा थोडी वर आढळली. फरक लहान ते मध्यम होता, आणि तेरा वर्षांखालील मुलामुलींत तो आणखी कमी होता. सरासरीतला एवढा फरक घेऊन समोर बसलेल्या एका नवऱ्याबद्दल आणि एका बायकोबद्दल काहीही सांगता येत नाही.

फरक येतो कुठून, हे ‘सी हिरो क्वेस्ट’ या मोबाइल खेळाने बरेच उलगडले. डिमेन्शियाच्या संशोधनासाठी २०१६ मध्ये आलेल्या या खेळात सुरुवातीला नकाशा दाखवतात, तो मिटतो, आणि मग पाण्यातून छोटी होडी हाकत ठरलेल्या क्रमाने खुणेच्या जागा गाठायच्या असतात. जगभरातले लाखो लोक तो खेळले. त्या माहितीवरून २०१८ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो विनोदाच्या मुळावरच येतो: ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता अधिक, तिथे दोघांच्या दिशाज्ञानातला फरक कमी. मेंदूची घडण देशाच्या सीमेवर बदलत नाही. मुलीला सायकल घेऊन एकटीने किती लांब जाऊ देतात, हे बदलते. २०२२ मध्ये याच माहितीतून दिसले, की शहराबाहेर वाढलेली माणसे वाट शोधण्यात सरस असतात आणि चौकटीसारख्या आखीव रस्त्यांच्या शहरांत वाढलेली मागे पडतात. बोलिव्हियातल्या चिमाने जमातीत स्त्रिया आणि पुरुष दोघेही जंगलात लांबवर फिरतात. तिथे, दृष्टीआड असलेल्या ठिकाणाकडे अचूक बोट दाखवण्याच्या कसोटीत दोघांत फरकच सापडला नाही. भारतातलेही एक उदाहरण आहे. ईशान्येकडील मातृवंशीय खासी आणि पितृवंशीय कार्बी या शेजारी समाजांतल्या लोकांना चार तुकडे जुळवण्याचे साधे कोडे घातले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कार्बी पुरुष स्त्रियांपेक्षा वेगवान ठरले. खासींमध्ये तो फरक उरला नाही. कोडे जुळवणे आणि वाट शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत हे खरे, पण अवकाशाचे भान संगोपनाने घडते याला दोन्हींकडून दुजोरा मिळतो.

हे भान मोठेपणीही कमावता येते. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्याला साधारण तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, की या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या अवयवाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे परवान्याच्या उमेदवारांना तयारीच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा परीक्षा पार केलेल्यांच्या मेंदूतच ही वाढ दिसली. म्हणजे ती पाठांतराची आणि पायपिटीची कमाई होती.

‘सरळ जात राहू, कुठेतरी निघूच’ हा भटकलेल्याचा दुसरा भरवसा. २००९ मध्ये जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारात माणसांना सरळ चालत राहायला सांगून त्यांचा माग उपग्रहाद्वारे नोंदला गेला. सूर्य दिसत होता तोवर चाल बऱ्यापैकी सरळ राहिली; आभाळ भरून आले तशी माणसे गोल फिरू लागली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेली, तरी आपण सरळ चाललो आहोत असेच त्यांना वाटत होते. डोळे बांधल्यावर काहींची वर्तुळे वीस मीटरांहूनही लहान झाली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एकाच बाजूला वळतो, ही जुनी समजूतही त्यात खोटी ठरली, कारण तीच व्यक्ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होती. गाडीतल्या माणसाला निदान रस्त्याची कड असते. तरी घाटातली चार-सहा वळणे उतरल्यावर ‘उत्तर बहुतेक इकडे’ हा अंदाज याच कच्च्या जाणिवेवर उभा असतो, आणि तो चुकतो आहे हे आतून कळत नाही. बाहेरची एखादी खूण, नाहीतर बाहेरचा एखादा माणूस लागतोच.

त्या माणसाला विचारण्याचा संकोच खरा असतो, आणि तो एकट्या पुरुषांचा नसतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींनी आवारातल्या अनोळखी लोकांना गाठायचे, व्यायामशाळा सापडत नाही असे सांगायचे आणि तिथवर सोबत येण्याची विनंती करायची. एकाने हो म्हणावे यासाठी किती जणांना विचारावे लागेल, याचा अंदाज आधी घेतला होता. तो सरासरी सात जणांचा होता. प्रत्यक्षात दोन-तीन जणांत काम झाले. नकार मिळेल ही भीती नकारापेक्षा कितीतरी मोठी होती. विचारल्याने आपण अडाणी दिसतो, ही भीतीही तशीच फसवी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की अवघड बाबतीत सल्ला मागणारा माणूस सल्ला देणाऱ्याला अधिक समंजस आणि सक्षम वाटतो. नवख्या गावातली वाट नवख्या माणसासाठी अवघडच असते.

विनोदातली बायको चटकन विचारून टाकते, पण तिच्या वाट्याची अडचण विनोदात कधी येत नाही. हंगेरी आणि अमेरिकेतल्या तरुणतरुणींची तुलना करणाऱ्या २००२ च्या अभ्यासात स्त्रियांना वाट चुकण्याची चिंता अधिक असल्याचे दिसले, आणि त्या चिंतेचा संबंध स्वतःच्या सुरक्षिततेच्या जाणिवेशी निघाला. रात्री एकटीने गाडी चालवणारी स्त्री निर्जन नाक्यावर काच खाली करत नाही, तेव्हा तिथे अहंकाराचा प्रश्नच नसतो. कोणाला, कुठे, किती वाजता विचारता येते, यावर ‘विचारणे’ अवलंबून असते.

महाराष्ट्रात हा विनोद आला तो बाहेरूनच, कारण इथला प्रवास मुळात विचारत विचारतच होत आला आहे. मालाच्या ट्रकवरचा क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन नाक्यावरच्या टपरीवाल्याला गावाचे नाव ओरडून विचारतो, टपरीवाला हातातले काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवतो, आणि ट्रक पुरता न थांबताच पुढे जातो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पत्तेही तसेच लिहिलेले असतात: मारुतीच्या देवळामागे, जुन्या जकात नाक्यासमोर, गिरणीच्या बोळात. जकात केव्हाच बंद झाली, पण नाका पत्त्यात राहिला. घरांचे क्रमांक रस्त्याच्या ओळीने लागत नाहीत, म्हणून खूण हाच पत्ता होतो. एकाच नावाची अनेक गावे हा टपालखात्याचाही जुना डोकेदुखीचा विषय. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्राचे, संस्कृत साहित्यातही नाव असलेले अधिकारी. इथल्या लोकांना रस्त्याच्या नावांपेक्षा खुणा कळतात, हे ओळखून गूगलनेही २००९ मध्ये भारतातल्या नकाशांत पेट्रोल पंप, दुकान अशा खुणांवरून वाट सांगायला सुरुवात केली.

मोबाइल आल्यावर विचारण्याची गरजच संपली, हा सर्वांत ताजा गैरसमज, आणि तो जिवावर बेतू शकतो. २०१७ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या रस्त्यांवर केलेल्या प्रयोगात दिसले, की वाट स्वतः शोधताना नवा रस्ता फुटला की हिप्पोकॅम्पस कामाला लागतो. यंत्र सांगेल तसे वळताना तो अशी दखल घेत नाही. माणूस पोहोचतो, पण वाट त्याच्या डोक्यात उतरत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नकाशा रस्ता कुठे जातो ते सांगतो. तो आज वाहता आहे का, हे त्याला दर वेळी ठाऊक नसते. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ मोबाइलच्या सांगण्याप्रमाणे रात्री पुलाकडे वळली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल गेलेला होता. आसपासच्या गावांत हे माहीत होते, नकाशाला नव्हते. गाडीतले दोघे बाहेर पडू शकले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघांचा जीव गेला, तिथेही चालक नकाशाच्या भरवशावर होते.

म्हणून नवख्या भागात, विशेषतः रात्री, पावसाळ्यात आणि धरणांच्या परिसरात, मोबाइल हातात असतानाही एक प्रश्न माणसालाच विचारावा लागतो: हा रस्ता चालू आहे का? प्रश्न ‘हाच रस्ता ना?’ असा टाकला, तर भिडेपोटी ‘हो’ येण्याचा धोका असतो. ‘अकोल्याला कुठून जायचं?’ असा मोकळा विचारला तर उत्तर देणाऱ्याला खरोखर आठवून सांगावे लागते. उत्तर देण्याआधी तो अडखळला, तर पुढच्या नाक्यावर आणखी एकाला विचारणे बरे. रिक्षावाला, एसटीचा वाहक, टपाल वाटणारा, दूध घालणारा ही त्याच रस्त्यावर रोज फिरणारी माणसे. कालच्या पावसात कोणता फरशी पूल गेला, हे त्यांना नकाशाच्या आधी कळलेले असते.