औषधाची अ‍ॅलर्जी रक्तात सापडते का?

गोळी घेतली आणि अंगावर गांध्या उठल्या, की पाचोऱ्यातही घरोघरी एकच विचार होतो: एकदाची रक्ताची तपासणी करून टाकू, म्हणजे कुठलं औषध चालतं ते कळेल. काही हजार रुपयांत अनेक औषधांचं पॅनल करून मिळतंही. पण निव्वळ त्या कागदावर विसंबून औषध घेणं किंवा टाळणं धोक्याचं आहे.

अशी तपासणी आयजीई ही प्रतिपिंडं शोधते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन अशा मोजक्या औषधांबाबत ती कामाची आहे, तीही पॉझिटिव्ह आली तर. निगेटिव्ह आली म्हणून औषध निर्धोक ठरत नाही, कारण रिअ‍ॅक्शनला महिने-वर्षं उलटली की ही प्रतिपिंडं ओसरत जातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांच्या त्रासात तर बहुतेकदा आयजीईचा संबंधच नसतो. सल्फाच्या गोळीने दर वेळी ओठावर त्याच जागी काळा डाग पडतो, ते काम टी-पेशींचं. एकूण आयजीई किंवा इओसिनोफिल वाढलेले दिसले तरी औषधाला दोष देता येत नाही. ते पोटातल्या जंतांनीही वाढतात.

बेसोफिल तपासणीत रुग्णाच्या जिवंत पेशींवर औषध टाकून पाहतात. त्यासाठी रक्त ताजं लागतं, म्हणून ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांपुरतीच उरते.

एक तपासणी मात्र तालुक्याच्या गावातूनही साधते, आणि नेमकी तीच राहून जाते. इंजेक्शननंतर रक्तदाब कोसळला, श्वास लागला, तर आधी अ‍ॅड्रिनलिन देऊन रुग्ण सावरायचा. मग एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी (अ‍ॅलर्जीच्या झटक्यात पेशींतून रक्तात येणारं विकर) रक्त काढून ठेवायचं. दुसरा नमुना पूर्ण बरं वाटल्यावर, निदान 24 तासांनी. समजा हा दुसरा आकडा 5 आला. त्याची 1.2 पट अधिक 2, म्हणजे 8. पहिला आकडा 8 किंवा त्याहून जास्त असेल तर ती गंभीर अ‍ॅलर्जीच होती, असं मानायला भक्कम आधार मिळतो. लॅबची नेहमीची मर्यादा 11.4 असल्याने 9 या आकड्यापुढे ‘नॉर्मल’ छापून येतं आणि फाइल बंद होते! अर्थात दोषी औषध कोणतं, हे ट्रिप्टेज सांगत नाही.

ते ठरतं रुग्णाच्या हकिकतीवरून, त्वचेच्या चाचणीवरून आणि गरज पडल्यास रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं थोडं औषध देऊन. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांना या रीतसर तपासणीनंतर ते चालतं, असा जगभरचा अनुभव आहे. उगाच लागलेला हा शिक्का माणसाला जन्मभर महागड्या अँटिबायोटिककडे ढकलतो.

म्हणून स्ट्रिप फेकू नका. गोळी किती वाजता घेतली, गांध्या किती वेळाने उठल्या, सोबत दुसरं काय घेतलं होतं, हे लिहून ठेवा आणि पुरळाचा फोटो काढा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या सरकारी मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते.