केबल खाते ती वीज

भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि कोलाडवरून धाटावच्या एमआयडीसीशी पोचतं. 1927 साली सुरू झालेल्या या वीजघराची वीज मुंबईला न्यायची, तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भरपूर वाढवावा लागला. दाब वाढला की तेवढ्याच विजेला प्रवाह कमी पुरतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटते. प्रवाह निम्मा, तर गळती पाव.

कारखान्यातल्या मोटरला मात्र 415 व्होल्टच मिळतात. तिथे गळती कमी करायची तर तांबं वाढवायचं.

धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत कुलिंग टॉवरचा पंप तिन्ही पाळ्या चालतो. समजा, मोटर 20 एचपीची, पॅनलपासून 100 मीटरवर, घेते सुमारे 27 अँपिअर. सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल हा भार सहज सोसते, नियमातही बसते. पण तिच्यावर हात ठेवलात तर ती कोमट लागेल. ती ऊब मीटरमधून मोजून आलेली असते: जवळपास 780 वॅट. दहाची केबल टाकली, तर हाच आकडा 460 वर येतो. वर्षाला 8,000 तास पंप चालला, तर अडीच हजार युनिट वाचतात. युनिट 8 रुपयांचं धरा, झाले 20 हजार. आणि जादा तांबं लागतं किती? साधारण 11 किलो. तो खर्च वर्ष-दोन वर्षांत निघतो. केबल त्यापुढे कितीतरी वर्षं राहते.

लॉर्ड केल्व्हिननं हा हिशेब 1881 सालीच मांडला होता. तांब्यात अडकलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज आणि वर्षभरात वाया गेलेल्या विजेची किंमत जिथे सारखी होते, ती जाडी सगळ्यात स्वस्त. तरी केबल आजही 'जळणार नाही ना' एवढंच पाहून घेतली जाते, कारण ती विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. हे मला फार खटकतं.

घरच्या गीझरला अडीचऐवजी चारची वायर टाकून मात्र वर्षाला जेमतेम एखादं युनिट वाचेल. तो चालतोच दिवसाला अर्धा तास.

जाड केबलला ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली पकड) आणि लग (तारेच्या टोकाला बसवायचा जोड) हेही त्याच मापाचे हवेत. लग लहान पडला म्हणून केबलच्या चार तारा छाटून ती आत कोंबली, की जोड तापतो, रसायनांच्या हवेत काळा पडतो, आणि 100 मीटरभर वाचवलेली वीज त्या बोटभर जागेत जळू लागते.