फेक खालून, ताण खांद्यावर

जुलै २०२१ मध्ये योकोहामा येथे ऑलिम्पिक सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्यात जपानच्या महिलांनी अमेरिकेला २-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. कांस्यपदक कॅनडाला मिळाले. जपानची पिचर युकिको उएनो तेव्हा ३९ वर्षांची होती. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांतल्या तीन सामन्यांत एकटीने ४१३ चेंडू टाकून सुवर्ण मिळवून दिले होते.

सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून टाकतात. त्यामुळे खांद्याला त्रास होत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. या फेकीत खांद्यावर येणारी ओढ बेसबॉलच्या फेकीच्या जवळपास जाते आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला जास्त काम पडते. थकल्यावरही फेक चालूच राहिली, तर खांदा पुढच्या बाजूने दुखू लागतो.

योकोहामात उएनोवर एकटीचा भार नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये २० वर्षांच्या मिऊ गोतोने चेंडू हाती घेतला. सातव्या इनिंगला उएनो परतली.

शाळेच्या संघातही एकाच मुलीवर सगळे सामने टाकू नयेत, दुसरी पिचर तयार करावी. खांदा दुखत असेल तर खेळ थांबवावा. विश्रांतीनेही बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.